सुटणारी पट्टी

"दुखलं का, लच्छीबाई?"

"नाही जी."

"शून्य ते दहामध्ये किती?"

"सुन्य."

मी तक्त्यात शून्य लिहिलं. भैयाजींनी उरलेली पट्टी दोन बोटांत धरली आणि एका दमात ओढून काढली. खोक्यावरची चिकटपट्टी ओढल्यावर येतो तसा आवाज आला. लच्छीबाई खिडकीबाहेर बघत होत्या. यंदा बिड्यांसाठी तेंदूपत्ता तोडायचं काम कधी सुरू होणार, गेल्या साली त्यांच्याशिवाय सुनेला कसं एकटीला रानात जावं लागलं, असं काहीबाही त्या सांगत होत्या. पायाकडे त्यांचं लक्षही गेलं नाही.

ही गोष्ट दोन हजार नऊच्या एप्रिलमधली. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. चंद्रपूरच्या पुढे, रानाच्या कडेला असलेल्या कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात मी पाच आठवडे मुक्काम ठोकून होते, कारण मी बनवलेली पट्टी तिथे पहिल्यांदाच माणसांच्या पायांवर लागली होती.

कुष्ठरोग बरा होतो, गोळ्यांनी होतो. पण तोवर नसा मेल्या असतील तर पायाची संवेदना परत येत नाही. मग चपलेत खडा गेला तरी कळत नाही, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाही. तळव्याला जखम होते, माणूस तिच्यावर चालत राहतो, जखम खोल जाते, आणि कधी कधी शेवटी पाय कापावा लागतो. तळव्यावर साधी मलमपट्टी टिकत नाही. घामाने, पाण्याने, चालण्याने ती गोळा होते. ओल्या कातडीवरही पक्की बसेल अशी पट्टी हवी होती.

मी कोकणातल्या सावर्ड्याची. माझी मावशी खाडीच्या तोंडाशी राहायची आणि ओहोटीला खडकावरचे शिणाणे काढायला जायची. लहानपणी मी तिच्याबरोबर जात असे. ते हिरवट शिंपले ओल्या खडकाला, लाटांच्या माऱ्यात, बारीक दोऱ्यांनी असे धरून बसलेले असतात की कोयती घातल्याशिवाय सुटत नाहीत. पुढे शिकताना कळलं की त्या दोऱ्यांच्या टोकाला जो चिकट पदार्थ असतो, त्याची नक्कल करायला जगभर लोक धडपडताहेत. मीही त्यांच्यातली एक झाले. चार वर्षं खपून मी एक पॉलिमर बनवलं. फ्रिजमधून काढलं की मऊ असायचं, अंगाच्या उबेनं दहा मिनिटांत बसायचं आणि ओल्या कातडीला शिणाण्यासारखं धरायचं. यंत्रावर ओढून पाहिलं तेव्हा बाजारातल्या सगळ्या पट्ट्यांच्या तिप्पट जोर लागला. त्या दिवशी आमच्या डॉ. नाडगौडा सरांनी अख्ख्या प्रयोगशाळेला पेढे वाटले होते.

दवाखान्यात सोळा रुग्णांवर चाचणी चालू होती. आठ जणांना आमची पट्टी, आठ जणांना नेहमीचं ड्रेसिंग. दर तीन दिवसांनी जुनी काढायची, जखमेचं माप घ्यायचं, नवी लावायची. वीस तारखेला पुण्यात बैठक होती. तिथे पुढच्या मोठ्या चाचणीचा निर्णय व्हायचा होता, आणि माझी फेलोशिप जूनमध्ये संपत होती.

पट्ट्या लावणारे आणि काढणारे भैयाजी. वय साठीचं. चौदाव्या वर्षी स्वतः रुग्ण म्हणून ते इथे आले, बरे झाले आणि इथेच राहिले. दोन्ही हातांची बोटं आत वळलेली, पण त्या बोटांनी ते जे बँडेज बांधत ते मला दोन्ही हात धड असून जमलं नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे कोरडंच काढाचं काय?"

"हो, कोरडंच. पाणी लावलं तर किती चिकटली होती ते कळणार नाही."

"बरं," ते म्हणाले होते, आणि त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नव्हता.

पहिले दोन आठवडे जखमा सुंदर भरत होत्या. मी रोज संध्याकाळी सरांना आकडे कळवत होते. तिसऱ्या आठवड्यात वेग मंदावला. चौथ्यात थांबला. पाचव्या आठवड्यातल्या त्या बुधवारी लच्छीबाईंच्या जखमेवर मी पारदर्शक कागद ठेवला, कड गिरवली, आणि आतल्या चौकटी मोजल्या. जखम गेल्या आठवड्यापेक्षा मोठी झाली होती.

"लच्छीबाई, तुम्ही चालताय."

"नाही बाई."

"चालल्याशिवाय जखम वाढणार कशी? मी सांगितलं होतं ना, कुबडी घेऊनच उठायचं म्हणून?"

"कुबडी घेतो ना मी. इचार भैयाजीले."

"तेंदूपत्त्याच्या नादात तुम्ही फाटकापर्यंत जाता, मला माहीत आहे. असं केलंत तर पाय जाईल तुमचा."

मला माहीत काहीही नव्हतं. त्यांना फाटकाशी उभं असलेलं मी एकदा पाहिलं होतं, तेही कुबडीसकट. लच्छीबाई मडावी पन्नाशीच्या होत्या, अंगाने बारीक, बोलायला मोकळ्या. पण त्या दिवशी त्यांनी तोंड मिटलं. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "मी नाही चालली," आणि कुबडी टेकत गेल्या. मी तक्त्यात लिहिलं: रुग्ण सूचना पाळत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी भैयाजी माझ्या खोलीपाशी आले. आत यायला सांगितलं तरी आले नाहीत.

"मॅडम, जरा ड्रेसिंगच्या खोलीत येता काय? काही दाखवाचं हाये."

तिथे त्यांनी कपाटाच्या मागून एक जुनं एक्स-रेचं पाकीट काढलं. दवाखान्यात जुन्या एक्स-रेच्या फिल्म धुवून स्वच्छ करत आणि जखमांची मापं घ्यायला वापरत. तशा दोन फिल्मच्या मध्ये भैयाजींनी काढलेल्या पट्ट्या ठेवल्या होत्या, मिठाच्या पाण्यातून काढून, वाळवून, एकाखाली एक. प्रत्येकीखाली पेनाने तारीख.

"या जाळायच्या असतात, भैयाजी. असं ठेवणं..."

"जाळाच्याच हायेत. पह्यले पाहून घ्या."

त्यांनी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. पट्टीवर जखमेच्या कडेचा ठसा उमटला होता, आणि त्या कडेला सगळीकडून एक पातळ, दुधी पापुद्रा चिकटला होता. कांद्याच्या आतल्या सालीसारखा. पुढच्या तारखेच्या पट्टीवर तसाच. त्याच्या पुढच्या पट्टीवरही.

"हे काय आहे?" मी विचारलं, पण विचारता विचारताच मला कळत होतं.

"नवी कातडी," भैयाजी म्हणाले. "काठानं येते ना, ती. तीन दिवसात येवढी येते, अन् चवथ्या दिवशी आपन ओढून काढतो."

"सगळ्यांची?"

"आठाचीबी."

मी स्टुलावर बसले. आधी जखम ओली होती, कड कच्ची होती, तेव्हा पट्टीला धरायला काही नव्हतं. जशी नवी कातडी यायला लागली, तशी पट्टी तिलाच धरायला लागली.

"तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मले बी पक्कं नव्हतं. वाटलं आपल्याच डोळ्याचा दोष असन. म्हनून जमा केल्या." मग अजिबात टोमणा न मारता ते म्हणाले, "अन् तुमी दुखते का म्हनून इचारता. दुखत तं कोनालेच नाही."

माझ्या तक्त्यात ऐंशीच्या वर शून्यं होती. सरांना पाठवलेल्या प्रत्येक अहवालात मी ती अभिमानाने लिहिली होती: वेदनेची एकही तक्रार नाही.

तरीही मला ते पूर्ण मान्य करवत नव्हतं. माणूस किती चिवटपणे स्वतःच्या कामाची बाजू घेतो ते मी त्या दोन दिवसांत पाहिलं. कदाचित हा पापुद्रा म्हणजे नुसता वाळलेला द्राव असेल, असं मी मनाशी म्हणत होते. चार दिवसांपूर्वी खोलीतल्या स्टोव्हवर भाताचं झाकण उचलताना माझं मनगट वाफेनं भाजलं होतं. फोड फुटून आता तिथे गुलाबी कातडी धरत होती. मी फ्रिजमधून एक पट्टी काढली आणि त्यावर लावली.

शनिवार उजाडला. ड्रेसिंगचा दिवस. सकाळी सातला, रुग्ण यायच्या आधी, मी हात भैयाजींसमोर धरला.

"ओढा. कोरडीच."

"मॅडम, जाऊ द्या ना."

"ओढा, भैयाजी."

त्यांनी ओढली. मी इतक्या जोराने ओरडले की बाहेरच्या झाडावरचे कावळे उडाले. डोळ्यांत पाणी आलं, मी टेबलाची कड धरली. मनगटावर रुपयाएवढ्या जागेत रक्ताचे बारीक थेंब उभे राहिले होते. पट्टीवर माझी नवी कातडी होती, अगदी तशीच दुधी आणि पातळ.

भैयाजींनी गॉज दाबून धरला. रक्त थांबल्यावर त्यांनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"सुन्य ते दहा."

मी दुसऱ्या हाताने गॉज धरला आणि उठले.

बाहेरच्या बाकावर आमचे आठजण येऊन बसले होते. मी दवाखान्याच्या कचेरीतून सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तुझी खात्री आहे?"

"माझ्या हातावर करून पाहिलंय, सर."

"तृप्ती, एका हातावरून निष्कर्ष काढू नकोस. मी सोमवारी सकाळी तिथे पोचतो. तोवर ठरल्याप्रमाणे चालू दे. मध्येच पद्धत बदललीस तर पाच आठवड्यांचं काम वाया जाईल. बैठकीला काय सांगायचं आपण?"

"सर, आठजण बाहेर बसलेत. ठरल्याप्रमाणे म्हणजे आता त्यांच्या आठ पट्ट्या ओढायच्या."

"एकच ड्रेसिंग आहे."

"मी नाही ओढणार, सर. भैयाजींनाही ओढू देणार नाही."

मी सरांशी असं कधीच बोलले नव्हते. त्यांनीच मला घडवलं होतं. वडील गेल्यावर मी शिक्षण सोडायला निघाले होते, तेव्हा ते सावर्ड्यापर्यंत येऊन आईशी बोलले होते. पलीकडून ते फक्त म्हणाले, "सोमवारी बोलू," आणि फोन ठेवला.

मी बाहेर आले आणि आधी लच्छीबाईंना आत बोलावलं. त्या अजून माझ्यावर रुसलेल्या होत्या. पाय स्टुलावर ठेवून भिंतीकडे बघत बसल्या. मी त्यांच्यासमोर खाली बसले, फिल्म दाखवली, मनगट दाखवलं, आणि काय झालं ते साध्या शब्दांत सांगितलं. चूक माझी होती, पट्टीची होती, असं म्हणाले. माफी मागितली.

त्यांनी फिल्म हातात घेऊन निरखून पाहिली. बोट लावून पाहिलं. मला वाटलं रागावतील, रडतील.

"म्हंजे मी चालली नव्हती ना?" त्या म्हणाल्या.

"नाही. तुम्ही चालला नव्हता."

"मंग ते कागदावरचं खोड. मी आयकत नाही असं लिवलं ना तू? भैयाजीनं सांगतलं मले. ते खोड पह्यले."

मी तक्ता आणला, त्यांच्यासमोर ती ओळ खोडली आणि शेजारी खरं काय ते लिहून सही केली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते भैयाजींकडून वाचून घेतलं, आणि मगच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"आता हे काढ बाई. पन माह्यी कातडी ठेव."

तेच तर जमत नव्हतं. चाचणी थांबवली तरी पायाला बसलेली पट्टी काढायला तर लागणारच होती. आम्ही सलाईनच्या बाटल्या फोडल्या आणि पट्टी भिजवली. पंधरा मिनिटं, अर्धा तास. नखाने कड उचलायचा प्रयत्न केला, हलली नाही. तेल लावून पाहिलं, साबणाचं पाणी लावून पाहिलं. अकरा वाजत आले. पत्र्याच्या छपराखालची ती खोली भट्टीसारखी तापली होती, आणि मला वाटत होतं की जितकं भिजवतोय तितकी पट्टी अधिकच घट्ट होतेय.

लच्छीबाईंना तहान लागली. भैयाजींनी व्हरांड्यातल्या माठातून पेलाभर पाणी आणून दिलं. त्या अर्धा पेला प्यायल्या, मग पायाकडे बघून वैतागल्या.

"तू बी पी," त्या पायाला म्हणाल्या, आणि उरलेलं पाणी त्याच्यावर ओतलं.

तिथले बरेच लोक पायाशी असंच बोलत, परक्याशी बोलावं तसं. मी पुसायला फडकं घेतलं. भैयाजींनी माझा हात धरला.

"थांबा. कोपरा पाहा."

पट्टीचा एक कोपरा पांढरा पडला होता आणि किंचित उचलला गेला होता. मी बोट लावलं. तो बुळबुळीत लागला, फ्रिजमधून नुकतीच काढलेली पट्टी लागते तसा. भैयाजींनी बोटाने हलकेच ढकलला, आणि तो ओढल्याशिवाय, आपसूक, कातडीवरून सरकला.

मी ते बघत राहिले. या पॉलिमरमधला एक भाग उबेनं आकसतो आणि गारव्यानं पाणी पिऊन फुगतो. पट्टी लावायला सोपी जावी म्हणून तर मीच तो त्यात घातला होता. पण एकदा पट्टीतल्या चिकट पदार्थाने कातडी धरली की मग गारवा काही करू शकणार नाही, असं मी धरून चालले होते. तपासलं कधीच नव्हतं. आमच्या यंत्राची पेटी कायम अंगाच्या तापमानावर लावलेली असायची. आणि इथे एप्रिलमधली सलाईनची बाटली, नळाचं पाणी, तेल, साबण, सगळंच अंगापेक्षा गरम होतं. फ्रिज पट्ट्यांनीच भरलेला होता; त्या आवारात गार म्हणावं असं पाणी फक्त त्या माठात होतं.

"भैयाजी, माठ इकडे आणा!"

"माठाचं पानी जखमेवर नाही टाकत मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "बाटल्या टाकतो माठात. सीलबंद. अर्ध्या घंट्यात थंड होते."

तोवर मी उरलेल्या सातही जणांना सगळं सांगून आले. मग बाटल्या निघाल्या. भैयाजी थेंब थेंब सोडत होते आणि मी पांढऱ्या पडत जाणाऱ्या कडेकडे बघत होते. घाई करता येत नव्हती. मधल्या भागाला वेळ लागला. लच्छीबाई एरवी पायाकडे ढुंकून बघत नसत, पण आज वाकून बघत होत्या आणि दर मिनिटाला विचारत होत्या, "आली काय? सुटली काय?" वीस-बावीस मिनिटांनी पट्टी भैयाजींच्या तळहातावर आली. आम्ही ती उजेडात धरली. तिच्यावर पापुद्रा नव्हता. आणि जखमेच्या कडेनं, सगळीकडून, तांदळाच्या दाण्याएवढी रुंद गुलाबी किनार शिल्लक होती.

"हे माह्यं हाये," लच्छीबाई म्हणाल्या.

आठही पट्ट्या काढेपर्यंत संध्याकाळ झाली. दोघांची थोडी कातडी तरीही गेली. एकाची पट्टी सुटायला पाऊण तास लागला. पण त्या दिवशी जेवायचं राहिलंय हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

सोमवारी सकाळी नाडगौडा सर आले. दोन्ही फिल्म खिडकीशी धरून त्यांनी प्रत्येक पट्टी पाहिली. मग बाही वर केली आणि पट्टी लावायला सांगितली. तासाभराने ती भैयाजींकडून कोरडी ओढून घेतली. ओरडले नाहीत, पण त्यांचा चेहरा पांढरा झाला. त्यांच्या हातावर तर जखमही नव्हती. दुसरी लावून गार पाण्याने काढली. ती बघताना त्यांनी चष्मा दोनदा पुसला.

"फोनवर मी चुकलो," ते मला म्हणाले. एवढंच. मग रुग्णांच्या वॉर्डात गेले आणि आठही जणांच्या खाटेशी उभं राहून, हात जोडून, तेच म्हणाले. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी कुणापुढे असं उभं पाहिलं नाही.

चाचणी तिथेच थांबली. वीस तारखेच्या बैठकीत सरांनी सगळं सांगितलं. मोठ्या चाचणीत रस घेणारी कंपनी त्याच आठवड्यात बाहेर पडली. माझी फेलोशिप संपली. वर्षभर मी एका कॉलेजात शिकवून दुपारी प्रयोगशाळेत जात होते. लच्छीबाईंचं त्या सालचं तेंदूपत्त्याचं काम हुकलं. त्यांचा पाय साध्या ड्रेसिंगवर, भैयाजींच्या हातून, दिवाळीला भरला आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या जाड तळाच्या चपला घालून रानात गेल्या, असं मला कळलं.

पण त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी सरांची गाडी निघायच्या आधी ते ड्रेसिंगच्या खोलीत येऊन बसले आणि मला म्हणाले, "हे लिहायचं. फसलं ते, का फसलं ते, आणि कसं कळलं ते. वेदना नाही म्हणजे इजा नाही असं आपण मानलं, तसं आणखी कुणी मानू नये." मग ते भैयाजींकडे वळले. "यात तुमचं नाव घालायचंय. आम्हां दोघांच्या आधी. पूर्ण नाव सांगा."

"कायले जी?"

"शोध तुम्ही लावलात म्हणून."

भैयाजी हातातला गॉज घडी करत राहिले. "भैयाजी म्हनते सगळे."

"ते झालं. पण कागदोपत्री?"

दवाखान्याच्या रजिस्टरमध्येही भैयाजी एवढंच होतं. तिथल्या जुन्या लोकांपैकी बऱ्याच जणांची नुसती पहिली नावं होती. आडनाव लावलं तर गावाला, घराला कळेल, बहिणींची लग्नं मोडतील, म्हणून घरच्यांनीच ती सोडायला लावलेली असत. मला हे ठाऊक होतं, तरी भैयाजींचंही तसंच असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

"बापानं सोडलं होतं फाटकापाशी," ते म्हणाले. "सांगतलं होतं, माह्यं नाव नको सांगजो कोनाले. सेहेचाळीस वर्स झाली. नाही सांगतलं." गॉजची घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली. "आता तं बाप बी नसन."

मी पेन धरून बसले होते.

"गजानन," भैयाजी म्हणाले. मग हळू, एकेक शब्द तपासून पाहिल्यासारखा, "गजानन उरकुडा नेवारे. मुक्काम बोरमाळा. गावाचं नाव बी लिवता येते काय?"

"येतं," सर म्हणाले. "लिही, तृप्ती."

लेख दोन नियतकालिकांनी परत पाठवला. फसलेल्या पट्टीत त्यांना रस नव्हता. तिसऱ्याने छापला, पुढच्या वर्षी. मी त्याच्या प्रती घेऊन दवाखान्यात गेले. भैयाजींना इंग्रजी येत नव्हतं. नाव कुठे आहे ते मी दाखवल्यावर त्यांनी त्याच्यावर वळलेलं बोट ठेवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग विचारलं, "यक जास्तीची भेटन काय?" ती त्यांनी पाकिटात घातली आणि बोरमाळ्याच्या ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवली. आत चिठ्ठी नाही, काही नाही.

दोन हजार अकराच्या जुलैमध्ये नवी पट्टी तयार झाली. ही बसायची जुनीसारखीच, पण गार सलाईन लागलं की दोन मिनिटांत सुटायची. नव्याने परवानग्या घेऊन आम्ही पुन्हा तिथेच चाचणी सुरू केली. तक्त्यात आता दुखलं का याच्या शेजारी आणखी एक रकाना होता: काढलेल्या पट्टीवर काय दिसलं. तो भैयाजी भरायचे.

एका सकाळी ते एका म्हाताऱ्या माणसाच्या पायावर पट्टी बसवत होते. दारात एक बाई येऊन उभी राहिली. सत्तरीची असेल, नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, एसटीच्या प्रवासानं दमलेली. मला वाटलं नवी रुग्ण आहे.

"बसा आजी. कुठून आलात?"

ती माझ्याकडे बघत नव्हती. तिनं पिशवीतून घडी पडून पडून चिरलेला एक कागद काढला. आमचा लेख होता. कुणीतरी त्यातल्या एका ओळीवर लाल पेनाने खूण केली होती.

"गजा?" ती म्हणाली.

भैयाजींनी मान वर केली.

"आमाले सांगतलं होतं का तू मेला म्हनून," ती म्हणाली. "बाप मरेस्तोवर हेच सांगत होता. ग्रामपंचायतीतल्या पोट्टीनं वाचून दाखवलं नसतं तं..."

ती अनसाबाई, त्यांची थोरली बहीण. बापानं भैयाजींना फाटकापाशी सोडलं तेव्हा तिचं लग्न ठरलेलं होतं.

भैयाजींच्या हातात अर्धी बसलेली पट्टी होती. मऊ होती, बसायला दहा मिनिटं लागणार होती, आणि तोवर हात काढून चालणार नव्हतं. मी पुढे झाले, मी धरते म्हणाले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यांचा तळहात त्या म्हाताऱ्याच्या पायावरून हलला नाही.

"बस, बाई," ते बहिणीला म्हणाले. "येवढा पाय होऊ दे."

अनसाबाई माझ्या स्टुलावर बसली आणि भावाच्या हातांकडे बघत राहिली.